पाळण्यातून उचललेले नाव

ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या वेशीचे दगडसुद्धा आता मातीत मिळाले असतील.

तिथल्या राजाला मुलगी झाली. राजाने प्रधानाला बजावले, "सहसा कुठे ऐकू येत नाही असे नाव आणा." प्रधान गावोगाव हिंडला. शेवटी डोंगरावरच्या एका वाडीत त्याच्या कानावर एक नाव पडले. उमाळी.

"अर्थ काय याचा?" राजाने विचारले.

"अर्थ नंतर बघू, महाराज. कानाला गोड आहे."

"आणखी कोणाचे आहे?"

"वाडीतल्या एका म्हातारीचे."

"मग तिला सांगा, आजपासून तिचे नाही."

ऐकणाऱ्यांनो, किती सहज बोलला तो. मला याचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही. कारण अर्थ वाडीतल्या शेंबड्या पोरानेही सांगितला असता. एका दुष्काळात वाडीचा झरा गाळाने बुजला होता. एका बाईने नखे तुटेपर्यंत हाताने गाळ उपसला, तेव्हा पाण्याचा उमाळा वर आला. तेव्हापासून दर पिढीत एका मुलीला उमाळी म्हणत. उन्हाळ्याआधी झऱ्याचा गाळ तिनेच काढायचा, दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही. नावाबरोबर काम यायचे.

म्हातारी आता थकली होती. वाडीत नुकत्याच जन्मलेल्या मुलीला ती नाव देणार होती. बारशाला पाळणा सजला. आत्या बाळाच्या कानाशी वाकली आणि दारात दवंडीवाला उभा राहिला.

"उमाळी हे नाव आता राजकन्येचे. दुसऱ्या कोणी लावले तर हद्दपार."

आत्या वाकलेलीच राहिली. "अहो, मग या पोरीला हाक काय मारायची?"

"काहीही मारा. नावांना काय तोटा आहे?"

आत्याने दुसरे नाव ठेवलेच नाही. कोणी टोकले तर म्हणायची, "तिला नाव आहे. चोरीला गेलंय." पोर 'ए पोरी' या हाकेवर वाढली. आणि म्हातारीने हुकूम शब्दशः पाळला. नाव गेले, तसा तिने झऱ्यातला हातही काढून घेतला.

झरा आटत गेला. वाडी लांबच्या ओढ्यावरून पाणी वाहू लागली. पण राजाच्या तलावाचा पाटही त्याच झऱ्यावरून निघत होता. पोर शेळ्या राखण्याएवढी झाली, तेव्हा तलावाचा तळ दिसला.

राजा तणतणत वाडीत आला. "झरा कोणी बुजवला?"

"कोणी नाही," म्हातारी म्हणाली. "उपसायचं काम उमाळीचं. ती तुमच्याकडे राहते, महाराज."

"कुदळी आणा," प्रधान म्हणाला.

"आणा की. कुदळीनं झऱ्याचं तोंड फुटलं, की पाणी भलतीकडे जाईल. इथं हातच लागतो."

शेवटी राजकन्येला पालखीतून आणले. आपल्या नावाची गोष्ट तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "आबासाहेब, हे मला कोणीच कसं सांगितलं नाही?" राजाने प्रधानाकडे पाहिले.

तिने परकर खोचला आणि खांद्यापर्यंत हात घातला. एकटीला गाळ हलेना. शेळ्यांजवळच्या मुलीला तिने हाक मारली, "अगं, ये ना जरा. नाव काय तुझं?"

"नाही मला. तुम्ही नेलंत."

राजकन्येने हात बाहेर काढला. कोपरावरून चिखल गळत होता. "आबासाहेब, आधी हिचं बारसं. तोवर मी गाळाला हात लावणार नाही."

राजाने मान खाली घालून होकार दिला. इतकी वर्षे ओठांवर थांबलेले नाव आत्याने त्या शेळ्या राखणाऱ्या मुलीच्या कानात सांगितले. मग दोघी उमाळी झऱ्यात उतरल्या. दिवस कलता कलता पाणी वर आले.

राजा ओंजळ करून पुढे झाला, तशी म्हातारी म्हणाली, "महाराज, मागं थांबा. वाडी तहानलेली आहे."

आणि राजा मागे थांबला.

बोध: दुसऱ्याचे नाव गोड वाटले म्हणून उचलू नये; ते कोणाच्या कष्टातून आले, हे आधी विचारावे.