चोखीच्या गाडीची किल्ली

एक होती चिचुंद्री. नाव तिचं चोखी.
चोखी केवढी? आंब्याच्या कोयीएवढी.
नाक केवढं? लांबच लांब.

चोखीची होती गाडी. जुनी, लाल, एकाच दिव्याची.
चोखी उशीवर उशी रचायची. वर चढून बसायची. किल्ली फिरवायची.
घुर्र, घुर्र, घुर्र!
की निघाली गाडी.

चोखीचं होतं एकच पिल्लू. नाव त्याचं टिल्लू.
रोज सकाळी टिल्लू पाळणाघरात जायचा. पाळणाघर टेकडीपलीकडे. कोंबडीताईंचं.
चोखी त्याला दारात सोडायची. म्हणायची, "ऊन उतरलं की येते हं."
टिल्लू विचारायचा, "नक्की?"
चोखी म्हणायची, "नक्की."

एक दिवस काय झालं? चोखी टिल्लूला सोडून बाजारात गेली.
मटार घेतले. गाजरं घेतली. दोन्ही हात भरले.
मग किल्ली कुठे धरायची? धरली तोंडात.
समोरून आली मैना. "काय गं चोखी, बरी आहेस ना?"
"हो," म्हणायला चोखीने तोंड उघडलं.
किल्ली पडली गटारात. डुबुक!
गटाराला होतं पाणी. किल्ली गेली वाहून.

चोखीने नाक घालून शोधली. नाही.
हात घालून शोधली. नाही.
गाडी ढकलून पाहिली. हलेना.
पायी जावं तर टेकडी केवढी, आणि चोखीचे पाय केवढे!

तुरुतुरु, तुरुतुरु. चोखी गेली सुताराकडे. सुतार म्हणजे सुतारपक्षी. तो किल्ल्या करायचा.
टक टक टक! नवी किल्ली झाली.
चोखी धावत आली. दार उघडलं. उशांवर चढली. किल्ली फिरवली.
गाडी गप्प.
पुन्हा फिरवली. गाडी गप्पच.
नुसता एक लाल ठिपका. लुकलुक, लुकलुक.

तुरुतुरु, तुरुतुरु. चोखी पुन्हा सुताराकडे.
"सुतारदादा, सुतारदादा, किल्ली फिरते, पण गाडी चालत नाही."
सुतार म्हणाला, "चालणारच नाही. तुझ्या जुन्या किल्लीच्या पोटात होती चिप. मसुराएवढी. ती गाडीला हळूच सांगायची, 'मीच गं, मीच.' मग गाडी चालायची. ही किल्ली काही बोलतच नाही. गाडी म्हणते, तू कोण? मी नाही ओळखत."
"मग चिप घाला ना, दादा."
"घालीन की. पण माझी चिप आहे मुकी. कोळी तिला बोलायला शिकवील, तर मी घालीन."
"अहो, माझं पिल्लू वाट बघेल."
"सगळ्यांचीच पिल्लं वाट बघतात," सुतार म्हणाला. मुकी चिप तिच्या हातात ठेवली आणि टक टक करू लागला.

ऊन होतं डोक्यावर.

तुरुतुरु, तुरुतुरु. चोखी गेली कोळ्याकडे.
कोळी बसला होता मशीनपाशी. मशीनला वायरीच वायरी.
"कोळीभाऊ, कोळीभाऊ, ऐका ना.
किल्ली पडली गटारात,
गाडी मला ओळखेना.
सुतार चिप घालेना.
पिल्लू माझं वाट बघतं,
माझं काम कोण करतं?"

कोळी म्हणाला, "चिपला शिकवीन की. पण काय शिकवू? गाडीचा गुप्त आकडा लागतो. तो मोराकडे. मोर आकडा सांगेल, तर मी शिकवीन."
"तुम्ही विचारा ना मोराला. एक फोन करा."
"मी? मी कशाला? गाडी तुझी." कोळ्याने आठही पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले.

ऊन कलायला लागलं.

तुरुतुरु, तुरुतुरु. चोखी गेली मोराकडे.
मोराचं होतं काचेचं दुकान. आत नव्या नव्या गाड्या. चकचक, चकचक.
चोखीचे पाय होते गटाराचे. मोर म्हणाला, "तिथेच. तिथेच उभी राहा."
"मोरशेठ, मोरशेठ, ऐका ना.
किल्ली पडली गटारात,
गाडी मला ओळखेना.
सुतार चिप घालेना.
कोळी चिपला शिकवेना.
पिल्लू माझं वाट बघतं,
माझं काम कोण करतं?"

मोर म्हणाला, "आकडा आहे माझ्याकडे. पण असा कुणालाही सांगत नाही. उद्या चोर येईल, म्हणेल गाडी माझी. गाडी तुझी कशावरून?"
"माझीच आहे हो. तुमच्याकडूनच घेतली होती."
"असेल. कासवसाहेबांचा शिक्का आण. कासव शिक्का मारेल, तर मी आकडा सांगीन." मग मोराने पिसारा फुलवला. "नाहीतर असं कर ना! ती जुनी टाकून दे. नवी घे. बघ, कशी गोड आहे!"
चोखीने नवी गाडी बघितली नाही. तिने ऊन बघितलं.
ऊन खांद्यावर आलं होतं.

तुरुतुरु, तुरुतुरु. चोखी गेली कचेरीत.
कचेरीत कासव. कासवाचा होता डबा उघडा. भाजी-पोळी, भाजी-पोळी.
चोखी उभी राहिली. कासवाने एक घास खाल्ला. चोखी उभीच. कासवाने दुसरा घास खाल्ला.
"कासवसाहेब, कासवसाहेब, ऐका ना.
किल्ली पडली गटारात,
गाडी मला ओळखेना.
सुतार चिप घालेना.
कोळी चिपला शिकवेना.
मोर आकडा सांगेना.
पिल्लू माझं वाट बघतं,
माझं काम कोण करतं?"

कासव म्हणालं, "हळू. हळू बोल. किल्ली... हरवली... म्हणतेस. कशावरून?"
"मी सांगते ना, साहेब. डुबुक झालं. मी ऐकलं."
"तू ऐकलंस. मी नाही ऐकलं. चौकीत बोका आहे. बोका चिठ्ठी लिहील, तर मी शिक्का मारीन."
"साहेब, मग माझं पिल्लू—"
कासवाने मान आत घेतली. पाय आत घेतले. आता बोलायचं कुणाशी?

ऊन झालं पिवळं.

तुरुतुरु, तुरुतुरु. आता चोखीचे पाय दुखायला लागले.
चोखी गेली चौकीत. बोका बसला होता खुर्चीत, शेपटी हलवत.
चोखी दारातच थांबली. बोका तो बोका! पण टिल्लूची आठवण झाली. चोखी आत गेली.
"बोकेसाहेब, बोकेसाहेब, ऐका ना.
किल्ली पडली गटारात,
गाडी मला ओळखेना.
सुतार चिप घालेना.
कोळी चिपला शिकवेना.
मोर आकडा सांगेना.
कासव शिक्का मारेना.
पिल्लू माझं वाट बघतं,
माझं काम कोण करतं?"

बोक्याने मिशी पुसली. "चिठ्ठी लिहीन. पण गाडी कुठाय? मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहीत नाही. गाडी इथे आण."
"साहेब, किल्ली नाही. गाडी कशी आणू?"
"ते मी कसं सांगू?"
"तुम्ही या ना बघायला. इथेच आहे, बाजारात."
"मी आलो तर खुर्चीत कोण बसेल?" बोका म्हणाला. आणि खुर्चीत बसून राहिला.

चोखी बाहेर आली. आता कुठे जायचं? कुठेच नाही.
चोखी रस्त्याच्या कडेला बसली. तिथे धूळ होती, धुळीत बसली.
ऊन उतरलं होतं. पार उतरलं होतं. पाळणाघरात आता सगळ्यांच्या आया आल्या असतील.
चुक, चुक, चुक. चोखी रडायला लागली.

समोरून आलं एक गाढव. नाव त्याचं धोंडू. पाठीवर विटाच विटा. पाय टाकत, पाय ओढत, धोंडू चालला होता.
धोंडू थांबला. म्हणाला, "का गं बाई? काय झालं?"
दिवसभरात कुणी असं विचारलंच नव्हतं.
चोखीने नाक पुसलं. म्हणाली,
"किल्ली पडली गटारात,
गाडी मला ओळखेना.
सुतार चिप घालेना.
कोळी चिपला शिकवेना.
मोर आकडा सांगेना.
कासव शिक्का मारेना.
बोका चिठ्ठी लिहीना.
पिल्लू माझं वाट बघतं,
माझं काम कोण करतं?"

आणि लगेच म्हणाली, "सांगा धोंडूभाऊ. तुम्हाला कुणाकडून काय आणून देऊ?"
धोंडू म्हणाला, "मला? मला काही नको. दोर आहे का?"

चोखी बघतच राहिली. लांब नाकावरून पाणी ओघळलं. टप. टप.

धोंडूने विटा उतरवल्या. दोघं बाजारात गेले, चोखीने गाडीतून दोर काढला, धोंडूने तो गाडीला बांधला. चोखी चढली उशांवर, चाक धरलं.
हुं. हुं. हुंऽऽ!
गाडी हलली. खडखड, खडखड. आली चौकीसमोर.

बोक्याने खिडकीतून बघितलं. खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "हं. आहे खरी गाडी." चिठ्ठी लिहिली. खरखर. झालं.

खडखड, खडखड. गाडी कचेरीसमोर. कासवाने चिठ्ठी घेतली. वाचली? छे. शिक्का मारला. ठप्प! झालं.

खडखड, खडखड. गाडी मोरासमोर. मोराने शिक्का बघितला. कानात आकडा सांगितला. कुजबुज, कुजबुज. झालं.

खडखड, खडखड. गाडी कोळ्यासमोर. कोळ्याने आठ पायांनी बटणं दाबली. टिक टिक टिक टिक. मुकी चिप बोलली, "मीच गं, मीच!" झालं.

खडखड, खडखड. गाडी सुतारासमोर. सुताराने चिप किल्लीत घातली. कट्ट. झालं.

चोखीने विचारलं, "एवढंच?"
"एवढंच," सुतार म्हणाला.

चोखीने किल्ली फिरवली.
लाल ठिपका, लुकलुक, लुकलुक... विझला.
घुर्र, घुर्र, घुर्र!
गाडीने ओळखलं.

तेवढ्यात चौकी बंद झाली. कचेरी बंद झाली. दुकानं बंद झाली. सगळे निघाले घरी.
बोका म्हणाला, "चोखी, टेकडीपलीकडे चाललीस ना? मला सोड."
कासव म्हणालं, "मलाही. मला... फार... वेळ लागतो."
मोर म्हणाला, "मलाही. धुळीत माझी पिसं मळतात."
कोळी सरसर आला. तो दाराला लटकला.
सुतार म्हणाला, "मी टपावर बसतो."

चोखीने एकेकाकडे बघितलं. बोक्याकडे. कासवाकडे. मोराकडे. कोळ्याकडे. सुताराकडे.
म्हणाली, "माझी गाडी तुम्हाला ओळखत नाही."
कोळ्याला दारावरून झटकलं. दार लावलं. धाड!

मग काच खाली केली. "धोंडूभाऊ, तुम्ही बसा."
धोंडू हसला. "मी बसलो तर गाडीच बसेल. आणि माझ्या विटा राहिल्यात ना तिकडे. तू जा. पिल्लू वाट बघत असेल."

घुर्र, घुर्र. गाडी टेकडी चढली. घुर्र, घुर्र. गाडी टेकडी उतरली.

पाळणाघरात कुणी नव्हतं. झोका रिकामा. घसरगुंडी रिकामी. कोंबडीताई पेंगत होत्या.
दारात टिल्लू. एकटा. दप्तर पाठीवर.
"टिल्लू! माझ्या राजा!"
टिल्लू धावत आला नाही.
म्हणाला, "ऊन उतरलं."
"हो रे."
"मग ऊन गेलं."
"हो रे, राजा."
"सगळ्यांची आई आली."

चोखीने तोंड उघडलं. "किल्ली पडली गटारात..."
पण टिल्लूला काय त्याचं?

चिचुंद्रीची पिल्लं आईची शेपटी तोंडात धरून चालतात. अगदी तान्ही असली की. टिल्लू तर आता मोठा झाला होता. त्याने कधीच ते सोडून दिलं होतं.
आज टिल्लू आईच्या मागे गेला. आणि शेपटी धरली. दातांनी. घट्ट.
गाडीत चढला तरी सोडली नाही. उशीवर बसला तरी सोडली नाही.
"दुखतंय रे, राजा."
"उं हूं," टिल्लू म्हणाला.
"मी आले ना आता?"
"उं हूं."

चोखीने गाडी हळूच चालवली. घुर्र... घुर्र... घुर्र...
घर आलं. चोखीने मागे बघितलं. टिल्लू झोपला होता. शेपटी तोंडातच होती.
चोखीने गाडी बंद केली.
पण ती उतरली नाही. तशीच बसून राहिली, न हलता.