टू, लर्न आणि मधला अंतरपाट

बार्शीच्या इंग्रजी क्लासात हुपरीकर सरांचा दरारा असा, की विद्यार्थी शिंकतानासुद्धा आधी व्याकरण तपासून घेत.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मंगल कार्यालयवाल्या शकूताई उभ्या राहिल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "आय वॉन्ट टू क्विकली लर्न इंग्लिश!"

सरांनी टेबलावर डस्टर आपटलं. "नापास! 'टू' आणि क्रियापद म्हणजे नवरा-नवरी. त्यांच्या मध्ये हे 'क्विकली' कशाला कडमडलं?"

नापास होऊन शकूताईंना कसं चालेल? सर्टिफिकेटसाठी फ्रेमसुद्धा आणून ठेवली होती त्यांनी! पण 'नवरा-नवरी' ऐकलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. हा तर त्यांचा रोजचाच धंदा.

"सर, बावीस वर्षं कार्यालय चालवतेय. नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट धरल्याशिवाय एक लग्न लागलेलं बघितलं नाही मी."

वर्ग खो-खो हसत सुटला. सर लालबुंद होऊन ओरडले, "अहो, पण तो अंतरपाट शेवटी काढतात ना?"

"काढतात की," शकूताई पदर सावरत म्हणाल्या, "पण अक्षता पडल्यावर! तुम्ही आधी मार्कांच्या अक्षता टाका, मग मी 'क्विकली' बाजूला घेते."