साऱ्यांच्या ओंजळीत एक डोंगर

पूर्वी शोणवती नगरीत राजा भद्रसेनाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व नंदिवर्धन नावाचा श्रेष्ठी होऊन जन्माला आला होता. नगराच्या पाठीशी उभा असलेला अख्खा डोंगर त्याच्या मालकीचा. साग, हिरडा आणि मोह यांनी तो इतका गच्च भरलेला, की भर उन्हाळ्यातही त्याचे झरे आटत नसत. श्रेष्ठीने त्यावर जन्मभर कुऱ्हाड चालू दिली नव्हती.

आता तो थकला होता आणि त्याला मूलबाळ नव्हते. निपुत्रिकाची मालमत्ता राजाची, असा त्या राज्याचा कायदा. राजाला सात मजली महाल बांधायचा होता, म्हणून तो रोज मोठ्या प्रेमाने श्रेष्ठीच्या प्रकृतीची चौकशी करी. सुतार तर खांबांची मापे घेऊन मोकळेही झाले होते. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

श्रेष्ठीला मरणाचे भय नव्हते. डोंगराची काळजी मात्र त्याचे काळीज पोखरत होती.

"दान करून टाका ना," त्याची पत्नी सुयामा म्हणाली.

"कुणाला? घेणाऱ्याच्या हातावर उदक सोडल्याखेरीज दान पुरे होत नाही. एकाच्या हातावर सोडावे, तर उद्या त्याचा नातू विकून खाईल."

"मग एकाच्याच हातावर का सोडायचे?"

कितीतरी दिवसांत प्रथमच श्रेष्ठी मनापासून हसला.

त्याने दवंडी पिटवली. सारे नगर डोंगरावरच्या झऱ्याशी जमले. श्रेष्ठी झारी भरभरून एकेकाच्या ओंजळीत उदक सोडू लागला. कुंभार आले, विणकर आले, मोहाची फुले वेचणारी तिंदुका म्हातारी आली. "हा डोंगर तुझा, आणि बाकी सगळ्यांचाही," एवढेच तो म्हणे. झारी त्याला जड होऊ लागली, तेव्हा सुयामेने तिला खालून आधार दिला.

बातमी लागताच राजा सुतारांना घेऊन धावतपळत चढून आला. चढणीने त्याला भलतीच तहान लागली होती. त्याने ओंजळ पुढे केली. श्रेष्ठीने तिच्यातही तेच पाणी सोडले, तेच शब्द उच्चारले. राजा ते गटागटा प्याला.

"आणि माझे खांब?" त्याने मग विचारले.

"महाराज, डोंगर आता तुमचाही आहे. बाकीच्या मालकांना तेवढे विचारा."

राजा जवळच्या तिंदुकेकडे वळला. "आजीबाई, थोडे साग तोडू का?"

"आधी बसा तर खरे, महाराज," म्हातारी म्हणाली. "केवढी धाप लागलीय तुम्हाला! दम खा, मग बोलू."

राजा एका सागाच्या सावलीत, बुंध्याला टेकून बसला. वारा सुटला होता. बघता बघता त्याचा डोळा लागला. जाग आली, तेव्हा सुतार त्याच सागाभोवती मापाची दोरी गुंडाळत होते.

"खबरदार!" राजा ओरडला. "माझ्या झाडाला हात लावाल तर!"

सारे नगर हसले. थोड्या वेळाने राजाही हसला. त्या संध्याकाळी श्रेष्ठी सुयामेचा हात धरून डोंगर उतरला आणि गाढ झोपला.

आपल्या भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, आज सकाळी सावलीतल्या जागेवरून भांडणारा हा भिक्षू म्हणजेच तेव्हाचा राजा. तिंदुका म्हणजे आपल्याला पाणी आणून देणारी ही उपासिका, आणि सुयामा म्हणजे तिच्याशेजारी बसलेली तिची लेक. श्रेष्ठी तर मीच होतो. सर्वांना देऊन टाकले तेच टिकले. यालाच दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, म्हणतात."

तो भिक्षू उठला आणि त्याने सावलीतली जागा त्या उपासिकेला दिली.