टेकडीवरच्या पहारेकऱ्याचा अर्ज

विषय : खजिन्याच्या टेकडीवरील पहारेकरी केरोजी यांचा अर्ज.
संदर्भ : अर्जदाराने समक्ष सांगितलेली हकीकत आणि राजवाड्याकडील तीन शेरे.

उपरोक्त विषयी हकीकत येणेप्रमाणे.

एका राज्यात एक टेकडी होती. टेकडीच्या पोटात भुयार होतं, भुयारात मातीचा मोठा डेरा होता आणि डेऱ्यात खजिना होता. खजिना मुळात कोणाचा, हे विचारायची त्या राज्यात पद्धत नव्हती. थोरल्या महाराजांनी तो कुठूनसा आणला आणि येसू चेटकिणीला बोलावून त्यावर शाप घालून घेतला. जो हात लावील तो दगड होईल, जो चोरून बघील तो पाखरू होईल.

शाप पक्का होता, फक्त घाईत घातला गेला. केरोजी पहारेकऱ्याने डेरा आत सरकवायला हात लावला होता. तो हात काढून घेईपर्यंत थांबायला हवं, हे येसूच्या ध्यानात राहिलं नाही. केरोजीची पावलं भुयाराच्या दाराशी जागच्या जागी दगड झाली. राणीची दासी गोजरा झुडपाआडून बघत होती, तिची टिटवी झाली. आणि शाप घालणाराने शाप उतरेपर्यंत जागा सोडू नये असा नियम असल्यामुळे येसूही तिथेच राहिली. महाराज म्हणाले, लवकरच काहीतरी करू. मग महाराज वारले.

येसूने शंभरदा माफी मागितली. केरोजी दर वेळी म्हणे, पहारेकऱ्याला पाय कशाला लागतात? पण दगड दर वर्षी चार बोटं वर चढे. शिवाय शाप जमिनीत झिरपे, आणि दर वर्षी राज्यातल्या आणखी काही विहिरी खाऱ्या होत.

सहाव्या वर्षी दगड गुडघ्यांना लागला. त्याच वर्षी राजधानीतली पहिली विहीर खारी झाली, आणि त्याच आठवड्यात नव्या राजाला मुलगी झाली. राजाने ज्योतिषांना विहिरीचं कारण विचारलं. ज्योतिषांना काहीतरी सांगणं भाग होतं.

तिसऱ्या दिवशी एक पालखी टेकडीखाली थांबली. कोरांटीच्या झुडपाखाली टोपली ठेवली गेली आणि पालखी आली तशी गेली. केरोजीने रिवाजाप्रमाणे तीनदा हटकलं, "कोण आहे?" दोनदा उत्तर आलं नाही. तिसऱ्या खेपेला टोपली रडली.

पहाऱ्याची वर्दी रोज राजवाड्यात धाडायची असे. केरोजी ती पळसाच्या पानावर लिही आणि गोजरा चोचीत धरून पोचवी. त्या दिवशी येसूने टोपली वर आणली आणि त्याने लिहिलं : 'टेकडीखाली एक मूल मिळाले. मुलगी आहे. ताब्यात घेतली. पुढील हुकूम व्हावा.'

गोजराने पान चोचीत घेतलं नाही. "ज्यांनी टाकली त्यांनाच कळवताय? डोकंही दगड झालं की काय तुमचं?"

"वर्दी आहे, बाई. गाळली तर खोटी होते. खोटी वर्दी मी आजवर दिली नाही."

गोजराने पान नेऊन दिलं. पुढील हुकूम आला नाही. महिना गेला, वर्ष गेलं, तेव्हा ज्या अर्थी हुकूम नाही त्या अर्थी मूल आपलं, असं तिघं धरून चालली. ज्यांना दफ्तरांचा अनुभव नसतो त्यांच्याकडून ही चूक होते. दफ्तर विसरत नाही, त्याला फक्त उशीर होतो.

बारसं रीतसर झालं. तिघांत आत्या होण्याजोगी गोजराच, म्हणून तिने मुलीच्या कानाशी चोच नेऊन नाव सांगितलं, कोरांटी. टिटवीच्या आवाजात सांगितल्यामुळे ते चार कोसांवर ऐकू गेलं. येसूने मंत्र म्हणून गाय मागितली. तिचे मंत्र आता अर्धेच लागत, त्यामुळे शेळी आली, आणि तीही शिव्या घातल्याशिवाय पान्हा सोडीना. बारा वर्षं येसू सकाळ-संध्याकाळ शेळीला शिव्या देत होती, आणि कोरांटीचे पहिले शब्द कोणते होते हे इथे लिहिण्याजोगं नाही.

पाळणा नव्हता. केरोजीचे हात होते. अंगाई त्याला येत नव्हती, पहाऱ्याची आरोळी तेवढी येत होती. तो ती अगदी हळू म्हणे, "हुश्शार... हुश्शार..." आणि पोर झोपे. चालायला ती गोजराकडून शिकली, त्यामुळे तीन पावलं तुरुतुरु धावायची आणि थबकून मान वाकडी करायची. पुढे ती केरोजीच्या दगडी मांडीवर चढून त्याच्या खांद्यावर बसे आणि तिथून राज्य बघे. तिला वाटे, सगळ्यांचे बाप असेच असतात, एका जागी उभे, कधीही गेलं तरी सापडणारे. ती त्याला तात्या म्हणे, येसूला येसाई म्हणे.

दगड कमरेवर आला तसा केरोजी घोंगडी पांघरू लागला. थंडी वाजते म्हणाला. वैशाखातही म्हणाला.

कोरांटीच्या बाराव्या वर्षी राजवाड्यातलीच विहीर खारी झाली, आणि राज्यावर संकट असल्याचं राजाच्या ध्यानात आलं. राजमांत्रिकाने पोथी काढली. शाप उतरवायचा तर राजरक्ताच्या माणसाने तीन कामं करावीत, असं तिच्यात होतं. राजाने तिसरं काम वाचलं आणि त्याला आपली गुडघेदुखी आठवली. तेव्हा कोणीतरी जुनी पानं चाळली. त्यात एक पळसाचं पान निघालं.

कारभारी टेकडीवर आला. पालखीतून उतरला, घाम पुसला, आणि हुकूम वाचला : बारा वर्षांपूर्वीच्या वर्दीस अनुसरून ताब्यातील मुलीने तीन कामं करावीत, आणि शाप उतरल्यावर तिला राजवाड्यात हजर करावं.

"बारा वर्षं लागली," केरोजी म्हणाला.

"पान खाली गेलं होतं," कारभारी म्हणाला.

कामं अशी होती. सात टेकड्यांपलीकडे एका वडाखाली एक बेवारस सावली पडली आहे, ती आणून भुयाराच्या उंबऱ्यावर अंथरावी. नदीच्या डोहातल्या सुसरीकडून दाराची किल्ली आणावी. आणि आत जाऊन खजिना बाहेर द्यावा. डेरा रिकामा राहत नाही, म्हणून त्याच्या जागी ठेव ठेवावी, आपल्यापाशी सगळ्यात मोलाचं जे असेल ते. ते मग आठवणीतून पुसलं जातं, आणि ठेवलेलं परत मागायचा हक्क फक्त ठेवणाराला.

शेवटची अट येसूने स्वतःच घातली होती. तेव्हा ती तरुण होती आणि तिला ती फार हुशारीची वाटली होती. आता तिने पदर तोंडात कोंबला.

कोरांटी पहिल्या कामावर निघाली तेव्हा केरोजीने येसूला जवळ बोलावलं आणि आपला बेत सांगितला. किल्ली असली तरी दार आपोआप उघडत नाही. आधी ते पहारेकऱ्याला विचारतं, आलेलं माणूस आपलं की परकं. परकं म्हटलं की मिटून राहतं. तिला दोन कामं करू दे, म्हणजे राजाचा हुकूमही मोडला नाही. दाराशी आली की मी परकी म्हणेन. काम फसेल, कारभारी परत जाईल आणि पोर आपल्यापाशी राहील.

"आणि तुम्ही?" येसूने विचारलं. "दगड छातीला लागलाय. आणखी चार बोटं चढला की काळीज."

"एक वर्ष आहे. एक वर्ष पुष्कळ असतं."

"आणि विहिरी?"

केरोजीने घोंगडी सारखी केली. तो भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याला विहिरींचं सुचत नव्हतं.

वडाखाली सावली खरोखरच पडली होती. तिचा माणूस कधीचा मेला होता आणि तिला न्यायला कोणी आलं नव्हतं. तिने विचारलं, "तू कोणाची गं?"

"तिघांची," कोरांटी म्हणाली.

"एवढी माणसं? मला एकही नाही."

"मग चल."

सावली उठली. कोरांटीने ती चटईसारखी गुंडाळली, काखेत मारली आणि घरी आणून उंबऱ्यावर अंथरली.

डोहातली सुसर म्हातारी होती. ती म्हणाली, किल्लीला मोल नाही, पण एक खरी गोष्ट ऐकून घ्यावी लागते, आणि ऐकून आजवर कोणी सुखी झालेलं नाही. कोरांटी काठावर बसली आणि ऐकायला तयार झाली. सुसर म्हणाली, "तुझ्या तात्याला थंडी वाजत नाही. घोंगडी उचलून बघ." मग तिने जबडा उघडला आणि जिभेवरची किल्ली पुढे केली.

सकाळचं ऊन टेकडीवर आलं होतं तेव्हा कोरांटी परतली. कारभारी पालखी घेऊन झाडाखाली बसला होता. ती सरळ केरोजीसमोर गेली आणि घोंगडी ओढून काढली.

बराच वेळ ती दगडावर हात फिरवत राहिली. जिथे दगड संपून माणूस सुरू होत होता तिथे हात थांबला. तिथे काळजाचे ठोके लागत होते.

"कधी सांगणार होतात?"

"तू मोठी झाल्यावर."

"म्हणजे तुम्ही गेल्यावर."

गोजरा मध्ये पडली. तिने सगळा बेत, ठेवीच्या अटीसकट, एका दमात सांगून टाकला. दुसऱ्यांच्या गोष्टींत डोकवायची खोड नसती तर ती टिटवी झालीच नसती. कोरांटीने ऐकून घेतलं आणि केरोजीला म्हणाली, "मी विसरले तरी तुम्ही जिवंत असाल."

"तू नसशील तर जगून करू काय, बाळ?"

"चाला. तुम्ही अठरा वर्षांत चालला नाहीत."

येसूने पोरीला पोटाशी धरलं. तिला खूप बोलायचं होतं. तिने फक्त कोरांटीची वेणी सोडली आणि पुन्हा घातली, घट्ट, जशी रोज घाली तशी. गोजरा तिच्या पायांशी येऊन उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसली.

कोरांटी सावलीवर पाय देऊन उभी राहिली. तिने किल्ली फिरवली. दाराने विचारलं, "पहारेकरी, ही कोण? आपली की परकी?"

केरोजीने तोंड उघडलं. शब्द साधा होता, तीन अक्षरांचा. त्याने तो रोज मनात घोकला होता. तो म्हटला की सगळं होतं तसं राहणार होतं, ही टेकडी, ती शेळी, खांद्यावरचं ओझं, आणि आणखी एक वर्ष. समोर पोर मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होती. ती काही सांगत नव्हती, अडवतही नव्हती. तिच्याकडे बघून ही परकी आहे असं म्हणणं त्याला जमेना. जिभेवर आणलेला शब्द जिभेवरच राहिला. दाराने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

"आमची," केरोजी म्हणाला. "आमची आहे ती."

दार उघडलं.

ती आत किती वेळ होती ते कोणी मोजलं नाही. आधी केरोजीच्या छातीतून काहीतरी उतरल्यासारखं झालं, मग कमरेतून, मग गुडघ्यांतून. पायांना मुंग्या आल्या. अठरा वर्षांनी तो पडला, कारण पाय असलेल्या माणसाला पडता येतं. गोजराची पिसं गळाली आणि तिथे एक पिकल्या केसांची बाई उकिडवी बसलेली दिसली. येसूने एक मंत्र म्हणून पाहिला. काहीच झालं नाही, शेळीसुद्धा आली नाही. राज्यात त्याच घटकेला सगळ्या विहिरी गोड झाल्या आणि लोक काठाकाठावर ओंजळीने पाणी पीत रडले, असं म्हणतात.

मुलगी खजिना घेऊन बाहेर आली. तिने उन्हाकडे पाहिलं, कारभाऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या म्हाताऱ्याकडे. ती पुढे झाली आणि त्याला हात देऊन उठवलं.

"लागलं का आपल्याला?" तिने विचारलं.

"नाही, बाईसाहेब," केरोजी म्हणाला.

"आपण इथलेच का?"

"इथलाच. पहाऱ्याला असतो."

तिने मान डोलावली आणि येसूलाही नमस्कार केला, अनोळखी वडीलधाऱ्या बाईला करतात तसा. येसूने तो घेतला. पालखी आली तशी गेली. राजवाड्यात राजाच्या सख्ख्या बहिणीने तिच्या कानात नवं नाव सांगितलं. ते लांबलचक होतं. शाप उतरला, राज्याची घडी बसली, ज्योतिषांना इनाम मिळालं.

गोजरा आपल्या गावी जाऊन आली. तिच्या घरात दुसरीच माणसं राहत होती, चांगली होती, त्यांनी तिला जेवूही घातलं. ती टेकडीवर परतली. येसू आता नियमाने कुठेही जायला मोकळी होती. ती गेली नाही. शेळीला आता शिव्या द्याव्या लागत नाहीत, तरी ती देते.

केरोजी मात्र चालू लागला. तो आधी धरून धरून चालला, मग काठी घेऊन, आणि महिन्याभरात राजधानीच्या वेशीशी पोचला. वाड्यात शिरायला नातं लागतं, नाहीतर अर्ज, असं त्याला देवडीवर सांगण्यात आलं. त्याने अर्ज केला : 'राजकन्येची बारा वर्षं टेकडीवरच्या डेऱ्यात ठेव आहेत. ती तिला परत मिळावीत. मला काही नको.'

त्यावर शेरा आला : ठेव ठेवणाराने मागावी.

त्याने लिहिलं, ठेवणाराला ठेव आठवत नाही, तरी कोणीतरी तिला एवढंच कळवावं. शेरा आला : अर्जदाराचे राजकन्येशी नाते काय, ते नमूद करावे.

त्याने लिहिलं, ती मला तात्या म्हणे. खाली येसूने आणि गोजराने साक्षीदार म्हणून अंगठे केले. शेरा आला : साक्षीदार अर्जदाराचे कोण, ते कळवावे.

यावर टेकडीवर तिघांचा एक दिवस विचार झाला. बहीण म्हणावं तर खोटं होत होतं, बायको म्हणावं तर येसू हसून हसून रडली. शेवटी केरोजीने 'आमची माणसं' असं लिहिलं आणि अर्ज पुन्हा नेऊन दिला. राज्याच्या नात्यांच्या यादीत हे नातं नसल्यामुळे कागद अभिप्रायासाठी राजमांत्रिकाकडे गेला आहे. केरोजी दर सोमवारी चालत देवडीवर येतो, चौकशी करतो आणि चालत परत जातो.

अर्ज प्रलंबित आहे.