मागे ठेवलंय

एका गावाला एकच तळं होतं आणि त्या वर्षी ते भराभर आटत चाललं होतं. पाणी उन्हाळाभर पुरेल का, या धास्तीनं कुणाला अन्न गोड लागेना.

पाटील म्हणाले, तळ्याला कुंपण घालू, पहारा बसवू. एकेकानं आत जायचं, पाणी भरायचं, कुणाशी न बोलता बाहेर पडायचं. माणूस मोकळा सोडला की ओरबाडतोच.

गावातली एक मुलगी दूरदेशी शिकून नुकतीच परतली होती. तिला हे पटेना. ती म्हणाली, "पाटीलबाबा, माणूस कसा वागतो ते आधी लहान गोष्टीवर पडताळून पाहू."

"पाहू की. पण जे दिसेल ते मानायचं, पोरी."

तिनं धर्मशाळेच्या खोलीत पडदा लावला आणि पडद्याआड चिंचोक्यांनी भरलेलं मडकं ठेवलं. गावातले काहीजण बोलावले. एकेकानं आत जाऊन हवे तेवढे चिंचोके घ्यायचे, त्यांच्या बदल्यात गूळ मिळेल. मडक्यात जे उरेल त्याच्या दुप्पट गूळ सगळ्यांत सारखा वाटला जाईल. कुणाचा कुणावर प्रभाव पडू नये म्हणून कुणी तोंड उघडायचं नाही, अशी अट तिनंच घातली.

शेवटचा माणूस बाहेर आला तेव्हा मडकं रिकामं होतं.

चार मुठी परत टाकल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. हात मडक्यापर्यंत गेलाही. पण तिनं तो मागे घेतला आणि रिकामं मडकं तसंच चावडीवर नेऊन ठेवलं.

"तुझ्या मडक्यानंच सांगितलं की," पाटील म्हणाले आणि त्यांनी कुंपणासाठी बांबू तोडायला माणसं धाडली.

आपल्याच हातानं आपण गावाला कुलूप लावलं, असं वाटून ती तळ्याकाठी जाऊन बसली. बायका पाणी भरत होत्या. घागर उचलून पायरी चढताना जी ती वर थांबलेल्या बाईला म्हणत होती, "मागे ठेवलंय गं." मागून येणारीसाठी पाणी राखलंय, असं सांगायची गावची जुनी रीत होती ती. लहानपणापासून ऐकलेली, म्हणून मुलीच्या कानांना ऐकूच येईनाशी झालेली.

ती दचकली. पडद्याआड जाऊन आलेली कुंभारीण तिथंच होती. मुलीनं तिला विचारलं, तुम्ही एवढे चिंचोके का घेतले?

कुंभारीण ओशाळली. "आधीच्यांनी राखलं की ओरबाडलं ते कळेना बाई. सगळे गप्प. वाटलं, मीच एकटी वेडी ठरेन."

मुलीनं पाटलांकडे आणखी एक संधी मागितली. खोली तीच, पडदा तोच, मडकं तेच, माणसंही तीच. फक्त बोलायला मोकळीक. पडद्याबाहेर येणारा प्रत्येकजण, कुणी न सांगता, पुढच्याला म्हणाला, "मागे ठेवलंय." एकानं तसं म्हणत ओंजळ भरून घेतलीच, आणि तेही तिनं चावडीवर लपवलं नाही. तरी मडकं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं.

"मग यातलं खरं कुठलं?" पाटलांनी विचारलं.

"दोन्ही खरं. माणसं तीच आहेत, बाबा. तुमचं कुंपण म्हणजे माझी पहिली, मुकी खोली आहे."

पाटील बांबूंच्या ढिगाकडे वळले. मग म्हणाले, "कुंपण नको. पण तळं आटलं, तर गाव तुला जाब विचारेल."

तेव्हापासून रोज सकाळी ती तळ्यावर जाई. पाणी एकेक पायरी उतरत होतं. उतरत होतं, पण हळू. आभाळ भरून आलं त्या दिवशीही तळाशी थोडं पाणी होतं. तिनं अर्धीच घागर भरली, वळली आणि पाहिलं, तर पायरीवर पाटील स्वतः कळशी घेऊन उभे होते.

"मागे ठेवलंय, बाबा," ती म्हणाली.

तात्पर्य: माणूस कसा आहे हे ठरवण्याआधी, आपण त्याला कसल्या खोलीत उभं केलं आहे ते पाहावं.