सुतारपक्ष्याची हाळी

कबुतरं टपाल वाहायची त्या काळची ही गोष्ट. त्यांच्या सगळ्या ढोल्या एकाच सुतारपक्ष्याने एकसारख्या कोरल्या होत्या. एका सकाळी तो झाडोझाडी हाळी देत फिरला, "चूक माझीच आहे. प्रत्येक ढोलीला मागून फट राहिली आहे. आजच चिखलाने लिंपून घ्या."

"दादा, लिंपू या ना," भुऱ्या म्हणाला.

"आधी पत्रं लावू दे," त्याचा थोरला भाऊ म्हणाला. "इतके दिवस काय झालं? तू तळ्यापलीकडचं टपाल देऊन ये, मग बघू."

ती हाळी सापानेही ऐकली होती. भुऱ्या परतला तेव्हा ढोलीत विस्कटलेली पत्रं होती आणि दादाची दोन पिसं.

तो सुतारपक्ष्यावर धावून गेला. "तू ओरडला नसतास तर सापाला कळलं नसतं."

"तुम्हालाही कळलं नसतं," सुतारपक्षी म्हणाला.

भुऱ्याला दोन्ही खरं वाटलं. राग कुणावर काढावा तेच कळेना. चोचभर चिखल घेऊन तो आपल्या ढोलीपाशी आला, पण आता ती कुणासाठी लिंपायची?

शेजारची फटही उघडीच होती. "उद्या लिंपीन रे," आतून म्हातारं कबूतर म्हणालं.

चोचीत चिखल असल्यामुळे भुऱ्याला बोलता येईना. तो मागे गेला आणि म्हाताऱ्याची फट लिंपू लागला.