झाडाचा पत्ता

कुडाळचे आबासाहेब तेरसे पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष. काजू परदेशी धाडणाऱ्या कंपनीचं खोक्यांचं काम दरवर्षी त्यांचंच असे. यंदा ते काम खोकी बनवणाऱ्या यमुना परुळेकरकडे जाणार, असं कळलं आणि त्यांच्या पोटात दुखू लागलं. तिच्या खोक्यांचा कागद नीट राखलेल्या जंगलातल्या झाडांचा असल्याचं प्रमाणपत्र तिच्याकडे होतं.

कंपनीच्या साहेबांसमोर आबासाहेब हसून म्हणाले, "प्रमाणपत्र म्हणजे शेवटी कागदच. त्यासाठीही झाड तोडलंच ना, यमुनाबाई?"

"तोडलं," यमुना म्हणाली. "कुठल्या रानातलं आणि त्याच्या जागी काय लावलं, याची माझ्याकडे नोंद आहे. तुमच्या खोक्यासाठीही तोडलंच असेल. ते झाड कुठलं?"

आबासाहेबांनी आपलं खोकं उलटसुलट करून पाहिलं. त्यावर त्यांचंच नाव तेवढं ठळक छापलेलं होतं.

साहेबांनी काम यमुनाला दिलं.